चेहरा म्हणजे ताट नव्हे

"मावशी, माझं वय 26. म्हार्दोळला राहते, वेर्ण्याला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. दिवसभर एसी, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. अकरा वाजेपर्यंत नाक आणि कपाळ इतकं तेलकट होतं की मास्क घसरतो. आणि तेच नाक कडेला सोलपटतं, भुवयांत कोंड्यासारखं पडतं, गाल लाल होऊन चुरचुरतात. तेलकट आणि कोरडं एकाच वेळी कसं, मला कळत नाही. दिवसातून पाच वेळा कडुनिंबाच्या फेसवॉशने तोंड धुते. शनिवारी अक्रोडाचा स्क्रब, रविवारी बेसन आणि लिंबू. व्हिटॅमिन सी सीरम घेतलं, ते लावलं की भगभगतं. मैत्रीण म्हणते तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर लावायचं नसतं. मामी म्हणते खोबरेल लाव आणि बांगडे बंद कर. मध्ये दादाच्या नायट्याची ट्यूब नाकाच्या कडेला लावून बघितली, दोन दिवसांत साफ! तेव्हापासून रात्री सगळ्या चेहऱ्याला लावते, चार महिने झाले. पण दोन रात्री चुकल्या की चेहरा लालबुंद. गणपतीत, चवथीला घरी पन्नास माणसं असतात. तोवर चेहरा सुधारायला कुठला फेसवॉश घेऊ? आणि अर्धा उरलेला स्क्रब टाकून देऊ का? दोनशे रुपयांचा आहे.
– वैतागलेली, म्हार्दोळ"

बाय, तू फेसवॉश विचारलास, पण माझी नजर दादाच्या ट्यूबवर अडकली आहे. फेसवॉशकडे येते, आधी ती ट्यूब हातात घे.

मी डॉक्टर नव्हे. फार्मासिस्ट आहे, औषधांच्या दुकानात काउंटरमागे सव्वीस वर्षं काढली. मृग लागला की बाजारात छत्र्या आणि आमच्या काउंटरवर नायट्याची मलमं एकाच दिवशी खपायला लागायची. ओले कपडे, घाम, न वाळणारे पंचे. गोव्याच्या पावसात नायटा घराघरात. घरात एक ट्यूब आली की ती सगळ्यांची होते. तुझ्याकडे झालं तेच.

ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाच. क्लोबेटॅसॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड. नायट्याच्या बऱ्याच मलमांत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड असे तिघे एकाच ट्यूबमध्ये कोंबलेले असतात. तुझ्या ट्यूबमध्ये ते असणार असा मला दाट संशय आहे, कारण "लावलं की दोन दिवसांत साफ, सोडलं की लालबुंद" ही त्याची ठरलेली चाल आहे.

स्टिरॉइड सूज दाबतं आणि कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून धरतं. त्यामुळे लाली जाते, चेहरा उजळल्यासारखा दिसतो, माणूस खूश. रोज लावत राहिलं की कातडी पातळ होत जाते, पुटकुळ्या येतात, कधी गालावर लव वाढते. रक्तवाहिन्यांना आवळून राहायची सवय लागते आणि ज्या रात्री मलम चुकतं त्या रात्री त्या एकदम सैल सुटतात. तुला वाटलं, चेहऱ्याला ट्यूबची गरज आहे. ती गरज ट्यूबनेच लावली. शिवाय चेहरा औषध शोषतो भरपूर. हायड्रोकॉर्टिसोन या सौम्य स्टिरॉइडवर झालेल्या जुन्या मोजणीत कोपराखालच्या हाताच्या मानाने कपाळाने सहापट आणि जबड्याजवळच्या कातडीने तेरापट औषध आत घेतलं होतं. क्लोबेटॅसॉल तर या कुळातलं सर्वात जहाल. ते मांडीवरच्या चिवट इसबासाठी डॉक्टर मोजून देतात, तुझ्या ट्यूबमध्ये ते असलं तर तू ते गालावर क्रीमसारखं फासतेस.

असे चेहरे आपल्या देशात इतके झाले की त्वचेच्या डॉक्टरांनी या आजाराला वेगळं नावच दिलं, "टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस". 2018 मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइडांची बाहेरून लावायची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तोवर मलमांना त्या यादीत पळवाट होती. आणि त्या पळवाटेने मीही जाऊन आले आहे. लग्न ठरलेली एक मुलगी माझ्याकडून दर महिन्याला दोन ट्यूब न्यायची, "ती गोरी करणारी द्या" म्हणून. मी दिल्या. वर्षभराने आली ती ओढणी तोंडाला गुंडाळून. दुकानातल्या पंख्याचा वारासुद्धा गालाला सोसत नव्हता, म्हणून बाहेर पायरीवर उभी राहून बोलली. त्या दिवसापासून मी काउंटरवर भांडायला शिकले. गिऱ्हाईक तुटलं, पण निदान झोप लागायची.

तेव्हा आता काय? चार महिने रोज लावलेलं मलम एका रात्रीत आपणहून बंद केलंस तर चेहरा असा पेटेल की तिसऱ्या दिवशी तूच परत ट्यूब शोधशील. या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. गोमेकॉला, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोगाची ओपीडी आहे. एक दिवसाची रजा पडेल, पडू दे. फोंड्यातही खासगी डॉक्टर आहेत. "स्किन क्लिनिक" असा बोर्ड लावलेल्या पार्लरमध्ये मात्र जाऊ नकोस. जाताना ट्यूब बरोबर ने, चार महिने रोज लावली हे लपवू नकोस. ते बहुधा सौम्य औषधावर आणतील, किंवा एक दिवसाआड, दोन दिवसांआड करत सोडायला लावतील. सोडल्यावर काही आठवडे, कधी काही महिने, लाली आणि पुटकुळ्या येतात. ते दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली काढलेले बरे.

आता तुझं कोडं, तेलकट आणि कोरडं एकाच वेळी कसं.

बाय, तेल म्हणजे मळ नव्हे. कातडीखालच्या ग्रंथी ते तयार करतात आणि त्यांचा कारभार बव्हंशी हॉर्मोन्सच्या हुकमाने चालतो. वरून कितीही धू, आतला कारखाना बंद होत नाही, फक्त वरचा माल उचलला जातो. तो काही तासांत परत येतो. धुण्यात खरं नुकसान होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. कातडीचा सगळ्यात वरचा थर आपल्याकडच्या चिऱ्यांच्या भिंतीसारखा समज. मेलेल्या चपट्या पेशी हे चिरे, आणि त्यांच्या मधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिडं. पाच वेळा फेसवॉश, वर अक्रोडाचा भुगा, वर लिंबू, या सगळ्याने तू तो चुना खरवडून काढलास. सांधे उघडे पडलेल्या भिंतीचं पावसाळ्यात काय होतं, ते म्हार्दोळच्या माणसाला मी सांगायला नको. आतलं पाणी उडून जातं म्हणून कातडी ओढते, बाहेरचं काहीही आत शिरतं म्हणून चुरचुरते. व्हिटॅमिन सीची बरीच सीरमं मुळातच आम्ल असतात. धडधाकट चेहऱ्याला ती चालतात, उघड्या सांध्यांत गेली तर भगभगणारच. सीरम खोटं असेल असं नाही, तुझी भिंत पडलेली आहे.

एकदा भाचीला समजावायला मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर पीएच, म्हणजे आम्लपणा, मोजायच्या कागदी पट्ट्या मांडल्या होत्या. आपल्या कातडीचा वरचा थर किंचित आम्ल, पीएच साधारण पाच. लिंबाच्या रसात बुडवलेली पट्टी लालभडक झाली, ती दोनच्या आसपास. अंगाच्या नेहमीच्या साबणाच्या फेसातली हिरवट निळी, नऊ ते दहा. भाची दोन्ही पट्ट्या गालाजवळ धरून आरशात बघत बसली. एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात साबण, मधे चेहरा! रविवारी लिंबू लावून नंतर साबणाने धुणारी माणसं मला माहीत आहेत. त्यांचं कौतुक वाटतं, सहनशक्तीचं.

आता फेसवॉश. कुठल्या कंपनीचा ते सांगणार नाही, खूण सांगते. साबणविरहित, बिनवासाचा, फेस कमी, पीएच साडेपाचच्या जवळपास. "सेन्सिटिव्ह स्किन" लिहिलेले साधे क्लिन्झर शंभर-दोनशे ग्रॅमच्या बाटलीत मिळतात. कडुनिंब, पुदिना, चारकोल, गारवा देणारे दाणे, यांतलं काही नको. पारख अशी: तोंड धुऊन टिपलंस आणि काही न लावता दहा मिनिटं बसलीस. गाल ओढायला लागले तर तो तुझ्यासाठी कडक. आपल्याला लहानपणापासून वाटतं, स्वच्छ म्हणजे करकरीत. स्टीलचं ताट घासून बोट फिरवलं की कर्र वाजलं पाहिजे, ते ताटाला ठीक आहे. चेहरा करकरीत वाजला तर समज, चुना गेला.

धुवायचं सकाळी आणि रात्री. सकाळी नुसतं पाणी मारलंस तरी चालेल. कोमट पाणी, बोटांची टोकं, अर्धं-पाऊण मिनिट, मऊ सुती कपड्याने टिपायचं. पंचाने खसाखसा पुसायचं नाही. दुपारी कंपनीत तेल आलं तर मऊ रुमाल किंवा टिश्यू नाकावर, कपाळावर दाबून उचल. घाम फार आला तर साधं पाणी. फेसवॉश घरी ठेव, पर्समध्ये ठेवलास की हात जातो.

मास्कविषयी. आत उच्छ्वासाची वाफ, घाम आणि वर कापडाचं घासणं; जबड्याच्या कडेला पुटकुळ्या येतात त्या यानेच. जेवणाच्या सुट्टीत मास्क बदल. कंपनी देत नसेल तर माग, औषधाच्या कारखान्यात मास्कला नाही म्हणायला कुणाला तोंड नाही.

मैत्रिणीचं मत मला अजिबात पटलेलं नाही. तेल वेगळं, पाणी वेगळं. तुझ्या कातडीत तेल भरपूर आहे, पाणी टिकत नाही. वर एसी आठ तास हवा कोरडी करतो. तोंड टिपल्यावर कातडी दमट असतानाच वाटाण्याएवढं हलकं मॉइश्चरायझर लाव, जेल किंवा पातळ लोशन. घटकांत ग्लिसरीन, सेरामाइड असं काही दिसलं तर उत्तम. सुगंध नको, "गोरेपणा" तर नकोच. पहिले दोन-तीन दिवस थोडं चुरचुरेल आणि मिनिटभरात थांबेल, ते चालेल. पाच मिनिटांनंतरही आग होत राहिली तर धुऊन टाक आणि दुसरं बघ.

मामीचं खोबरेल. मला माहीत आहे, आपल्याकडे खोबरेलाविरुद्ध बोलणं म्हणजे देवळात चप्पल घालून जाणं. डोक्याला, हातापायाला ते छानच आहे. पण तू जे लिहिलंस, नाकाच्या कडेला सोलपटं, भुवयांत कोंडा, ते वाचून मला वाटतं तुला चेहऱ्यावरचा कोंडा आहे, डॉक्टर त्याला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. निदान तेच करतील, मी फक्त शंका घेते. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर मॅलॅसेझिया नावाची बुरशी राहते. तेलकट जागा तिला आवडतात, कातडीतल्या तेलातली फॅटी ॲसिडं हे तिचं जेवण. काहींच्या कातडीला तिचा त्रास होतो. खोबरेलात जे लॉरिक ॲसिड भरपूर असतं, तेही तिच्या ताटातलंच. म्हणजे तू नाकाला खोबरेल लावून तिला चवथीचं आमंत्रण देशील. शिवाय खोबरेल रंध्रं बुजवतं.

आणि आता तुला कळेल दादाच्या ट्यूबने दोन दिवसांत जादू का झाली. माझा संशय खरा असेल तर तीत बुरशीचं औषध होतं, ते बुरशीवर चाललं. स्टिरॉइड होतं, त्याने लाली दाबली. यातलं पहिलं बहुधा तुझ्या उपयोगाचंच आहे, फक्त एकटं हवं. किटोकोनाझोलचा शाम्पू डोक्यातल्या कोंड्याला वापरतात, आणि डोक्यात कोंडा असेल तर चेहऱ्यावरचा एकट्याने जात नाही. चेहऱ्याला काय, किती दिवस, ते डॉक्टरला विचार. "माझ्या नाकाचा कोंडा आहे का बघा" असं स्पष्ट म्हण, नाहीतर ते लाल गाल बघतील आणि भुवया राहून जातील. हा कोंडा कायमचा जात नाही, येतो-जातो. थकवा, जागरण, हवापालट, काहीही निमित्त पुरतं. आल्यावर काय करायचं हे माहीत असलं की भीती जाते.

डोक्याला तेल लावून झोपतेस का? लावत असशील तर सकाळी दोन तास आधी लाव आणि धू, उशीच्या अभ्र्यातून ते रात्रभर गालाला लागतं. केस धुताना मान मागे झुकव म्हणजे शाम्पूचं पाणी चेहऱ्यावरून वाहणार नाही.

बांगडे खा. मासे खाल्ल्याने चेहरा बिघडतो याला आधार नाही. श्रावणात सोडशीलच, ते देवासाठी सोड, नाकासाठी नको. गोड, मैदा आणि दूध यांचा पुटकुळ्यांशी काही जणांत संबंध दिसतो, तो स्वतःपुरता बघायचा. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर दुखऱ्या गाठी येत असतील तर तेही डॉक्टरला सांग, मग मामला नुसत्या कातडीचा नसतो.

ऊन. पावसात ढग आहेत म्हणून सनस्क्रीन सोडू नकोस. अतिनील किरणं ढगातून बरीचशी खाली येतातच, आणि स्टिरॉइड लावलेली कातडी उन्हाला हळवी असते. एसपीएफ 30 किंवा वर, जेल किंवा पातळ फ्लुइड. सगळी चुरचुरत असतील तर झिंक ऑक्साइडचं बघ, ते सहसा सोसतं. थोडं पांढरट दिसतं, कंपनीत मास्क आहेच. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांब रेघ, एवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. बहुतेक बायका त्याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग सनस्क्रीनला शिव्या देतात.

एवढ्या तीन गोष्टी, धुणं, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि डॉक्टर देतील ते औषध. बाकी सगळं सहा आठवडे कपाटात. सीरम, टोनर, बेसन, गुलाबपाणी, मैत्रिणीने रीलमध्ये बघितलेलं तांदळाचं पाणी, सगळं. तुला हे फार कमी वाटेल. काउंटरवर मला कायम हाच अनुभव, वीस रुपये वाचवायला घासाघीस करणारी बाई "काही लावू नका" ऐकलं की नाराज होऊन जाते. सहा आठवड्यांनी चुरचुर गेली तर तेलासाठी डॉक्टरला विचारून एक गोष्ट वाढव. नायसिनामाइड चार-पाच टक्के, किंवा सॅलिसिलिक ॲसिड, तेही आठवड्यातून दोन रात्री. एकावेळी एकच. आधी आठवडाभर कानामागे किंवा जबड्याखाली चवलीएवढ्या जागेत लावून बघायचं. दोन गोष्टी एकदम सुरू केल्यास आणि चेहरा बिघडला तर चोर कोण ते कळत नाही.

चवथीला सात आठवडे आहेत. कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, म्हणून चुरचुर आणि ओढणं तोवर बरंच कमी झालं असेल असं मला वाटतं. लालीबद्दल शब्द देत नाही, स्टिरॉइडची लाली तिच्या वेळेने जाते. आदल्या आठवड्यात घाबरून फेशियल किंवा ब्लीच करू नकोस, माझा हात जोडून नकार. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायला शेगडीपुढे तास-दोन तास उभी राहू नकोस. त्या वाफेने आणि धगीने धडधाकट गालसुद्धा पेटतात. मामीला सांग, लाटून देते, तळणं दुसऱ्या कुणाला द्या. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला वर चढलीस तर उलट वारा लागेल. आणि पन्नास माणसांतली कुणी "अगो, तोंडाक कितें जालां?" म्हणालीच, तर "औषध चालू आहे" एवढंच. पुढे बोलायची सोय ठेवायची नाही.

डोळ्यांभोवती सूज, पाणी सुटणारे फोड, पिवळ्या खपल्या किंवा ताप, यांतलं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, त्याच दिवशी इस्पितळात जा.

दादाला विचार, त्याचा नायटा बरा झाला का. स्टिरॉइडवाल्या मलमाने नायटा वरून निवतो आणि कडेने पसरत राहतो. नसेल गेला तर बांबोळीला जाताना त्यालाही ने. एकाच रजेत दोघांचं काम होईल, आणि ट्यूब तशीही एकच आहे.

राहिला दोनशे रुपयांचा स्क्रब. टाकू नकोस, टाचांना वापर. वर मामीकडे भिरंडेल, कोकमाचं तेल, असेलच, ते चोळ. भेगांना त्यासारखं दुसरं काही नाही, आणि तिचाही मान राहील.